अण्णांनी दाबलेलं बटन

आजवर ही गोष्ट माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. आईला सांगितली नाही — आणि आईला तर मी भाजीवाल्याशी काय बोलले इथपासून सगळं सांगते. मैत्रिणींना नाही. एकदा वही उघडून लिहायला बसले, दोन ओळी लिहिल्या, मग ते पान फाडलं आणि त्याच्या मागे किराणाची यादी केली. साबण, तूरडाळ, काडेपेटी. इतकी मी धीट.

तुम्हाला का सांगतेय? खरं सांगू — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखत असता तर ऐकूनच घेतलं नसतं. छे, तू असं करशील होय, म्हणाला असता. सगळे तसंच म्हणतील. माझं नाव चांगलं आहे हो या गावात. यंत्रमागवाल्यांच्यात विचारा, 'डब्याच्या मॅडम' म्हटलं की लोक उठून बसायला जागा देतात. मला तिथं बसवत नाही. आणि तरी मी बसते.

डबा म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. सोलापुरात शुक्रवार पेठेत माझं घर. शिक्षण इथलंच, पाच वर्षं पुण्यात नोकरी केली आणि वडील गेल्यावर आईसाठी परत आले. अक्कलकोट रोडला औद्योगिक वसाहतीत एक लहानशी कंपनी आहे, तिथं लागले. टर्किश टॉवेल विणणाऱ्या मागांसाठी आम्ही कंट्रोलर बनवतो. पत्र्याचा डबा, डब्यात एक बोर्ड, बोर्डावर एक प्रोसेसर, आणि त्या प्रोसेसरनं काय करायचं ते सांगणारा प्रोग्रॅम. कुठली तार, म्हणजे सुताचा धागा, उचलायची, कुठला रंग घालायचा, कधी थांबायचं — सगळं तो डबा ठरवतो. कंपनी आमच्या सरांची, डबे तेच विकतात. प्रोग्रॅम मी लिहिते. एकटी. म्हणजे पुढे जे सांगणार आहे त्यात दुसऱ्या कुणाचा हात नाही. हे आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर मध्येच कुठंतरी मी सरांवर ढकलायला जाईन. मला माझा भरवसा नाही.

अंबादास अण्णा.

हे बघा, नाव लिहिलं एकदाचं. एवढं नाव लिहायला चार वर्षं गेली.

अण्णा शहराच्या पूर्व भागातले, विणकरांच्या वस्तीतले. घरात तेलुगू, बाहेर आपलं सोलापुरी मराठी. आमचा पहिला डबा ज्या कारखान्यात बसला तिथले सगळ्यात जुने विणकर. माग म्हणजे काय हे मला कॉलेजनं शिकवलं नाही, अण्णांनी शिकवलं. मी लॅपटॉप छातीशी धरून त्या धडधडाटात शिरले तेव्हा बाकीचे एकमेकांना कोपरानं ढोसत होते. अण्णांनी मला मागाजवळ नेलं, माझा तळहात मागाच्या चौकटीवर ठेवला आणि कानाशी येऊन ओरडले, की आवाजाच्या नादी लागू नका, हाताला काय कळतंय ते बघा. साधा भाग चालू असला की चौकट एक प्रकारे थरथरते, बॉर्डर आली की दुसऱ्या. मला ते ओळखायला वर्ष लागलं. तोवर ते रागावले कधीच नाहीत, चिडवायचे मात्र. प्रोग्रॅम अडकला की म्हणायचे, लेकरू झोपलं वाटतं तुमचं. खंडेनवमीला मागांबरोबर आमच्या डब्यालाही हळदकुंकू लावायचे. एकदा फुलांची ओली माळ डब्याला घालायला निघाले, मी म्हटलं अण्णा, पाणी आत जाईल, तर ती माळ त्यांनी माझ्या हातात दिली.

आणि त्यांची गाठ. तुटलेली तार ते उजव्या हाताच्या तीन बोटांनी बांधायचे, दुसरा हात न लावता. टॉवेल उलटासुलटा करून शोधला तरी ती गाठ सापडायची नाही. नवीन माणसांना ते मुद्दाम शोधायला लावायचे आणि मिशीत हसायचे. माणसाला आयुष्यात एखादीच गोष्ट अशी येते, नाही का, की जी त्याच्यासारखी दुसऱ्या कुणाला येत नाही?

त्या तीन बोटांतली दोन आता नाहीत. तिसरं आहे, पण वळत नाही.

अपघात झाला, असं सगळे म्हणतात. मीही म्हणते. आता नीट सांगायचा प्रयत्न करते — मला घाई करू देऊ नका.

मागाला थांबवायची बटनं दोन. एक मोठं लाल, ते थेट वीज तोडतं. पण ते दाबलं की माग नको तिथं अडतो, ताण्याच्या, म्हणजे उभ्या, तारा तटातट तुटतात आणि त्या पुन्हा भरण्यात अख्खा दिवस जातो. त्यामुळे लाल बटन कुणी दाबत नाही. त्याच्यावर धूळ बसलेली असते. रोजचं बटन दुसरं, ते आमच्या डब्यातून जातं. बटन दाबलंय हे डबा बघतो आणि मागाला योग्य जागी थांबवतो. एका ठोक्यात. अण्णांनी पहिल्याच दिवशी मला विचारलं होतं, थांबायला वेळ किती लागतो. मी म्हणाले होते, तुमचा हात आत पोचायच्या आधी माग थांबलेला असेल. त्यांनी दहा-बारा वेळा करून बघितलं आणि मग त्यांची सवय बसली. डाव्या हातानं बटन, त्याच दमात उजवा हात आत, तुटलेल्या तारेवर. सगळे मुरलेले विणकर असंच करतात. सहा वर्षं तसंच चाललं आणि कधी काही झालं नाही. सवय चुकीची होती असं नंतर लोक म्हणाले. ती माझ्या शब्दावर लागलेली सवय होती.

लॉकडाऊननंतर प्रोसेसर मिळेनासे झाले. आम्ही वापरायचो तो तर कुठंच नाही. सरांनी मुंबईहून दुसरा आणला, त्याच जातीचा पण हलका. माझा प्रोग्रॅम त्याच्यावर चालायचा, पण धापा टाकत. टॉवेलचा मधला साधा भाग बरा यायचा. बॉर्डर आली, म्हणजे नक्षीचा पट्टा, की डबा मागे पडायचा आणि फुलाची पाकळी एका तारेनं सरकायची. एकाच तारेनं. पण टॉवेल घेणारा माणूस नेमकी तीच पाकळी बघतो.

आता कंपायलर. मी लिहिते ते माणसाला वाचता येईल असं असतं. ते प्रोसेसरच्या भाषेत बदलून देतो तो कंपायलर. बदलताना त्याला काही सूचना देता येतात, आम्ही त्यांना फ्लॅग म्हणतो. अगदी खालच्या पायरीवर सांगायचं — मी लिहिलंय तसंच्या तसं बदल, शहाणपणा नको. मधल्या पायरीवर — थोडं डोकं लाव. आणि सगळ्यात वर — वाटेल ते गाळ, वाटेल ते हलव, अमुकच प्रोसेसर आहे असं धरून चाल, पण पळव. इतकी वर्षं मी खालच्या पायरीवर होते. आता एकेक फ्लॅग बदलत आठवडाभर बसले. मधल्या पायरीवर पाकळी अर्धीमुर्धी सुधारली. सगळ्यात वरच्या पायरीवर, त्या हलक्या प्रोसेसरचे खास दोन फ्लॅग लावल्यावर — चोख. फूल असं उमटलं की सरांनी टॉवेल टेबलावर पसरून सगळ्या ऑफिसला बोलावलं. मी त्या संध्याकाळी आईसाठी जिलेबी घेऊन गेले. आई म्हणाली, आज काय विशेष? मी म्हणाले, जमलं. आठवलं की मला माझी किळस येते.

वरच्या पायरीवर कंपायलर काय करतो? तो गृहीत धरतो. बॉर्डर विणताना माझा प्रोग्रॅम एका चकरीत फिरतो आणि प्रत्येक फेरीला बघतो — बटन दाबलंय का, बटन दाबलंय का. कंपायलरनं ती चकरी वाचली. या चकरीच्या आत बटनाची नोंद कुणीच बदलत नाही, असं त्याला दिसलं. मग दर फेरीला बघायचं कशाला? सुरुवातीला एकदा बघितलं, बास. बटन बाहेरून माणूस दाबतो हे त्याला कळायचं काही कारण नव्हतं. ते सांगायला एक शब्द असतो. हे बाहेरून बदलू शकतं, दर वेळी नव्यानं बघ, असं सांगणारा. एकच शब्द. दुसऱ्या वर्षाला शिकवतात. मी तो लिहिलेला नव्हता. खालच्या पायरीवर त्यावाचून काही अडलं नाही, म्हणून सहा वर्षं मलाही पत्ता लागला नाही.

म्हणजे झालं असं. साध्या भागात बटन दाबलं तर माग लगेच थांबायचा. बॉर्डरचा पट्टा चालू असताना दाबलं, तर तो पट्टा पुरा विणून मगच थांबायचा. पट्टा किती उरलाय त्यावर, कधी दोन-तीन सेकंदांनी, कधी अर्ध्या मिनिटानं.

हाच का माझा गुन्हा? नाही, थांबा, हे अजून ते नाही. एक शब्द राहणं कुणाकडूनही होतं, असं तुम्ही म्हणाल, आणि ते ऐकून मी जरा सावरून बसेन. मला सावरायचं नाहीये.

नवा प्रोग्रॅम कारखान्यात जाण्याआधी एक तपासणीचा कागद भरायचा असतो. तो नियम मीच केलेला. त्यात एक ओळ आहे — थांबवायचं बटन. पुढे तीन चौकोन. साध्या भागात, बॉर्डरमध्ये, टॉवेलच्या शेवटी. मी टेबलावर बोर्डाला लहान मोटर जोडली, साध्या भागात बटन दाबलं, मोटर थांबली. बॉर्डर यायला वेळ होता. चहा आला होता. मी तिन्ही चौकोनांत खुणा केल्या आणि खाली सही केली. इतकी वर्षं थांबत आलीय, आज काय होणार आहे? फ्लॅग बदलले होते, हे झालं होतं. आणि ते फक्त मला माहीत होतं.

हेही ते नाही.

अण्णांच्या मागावर नवा डबा बसला आणि तीन आठवडे बॉर्डरमध्ये तार तुटलीच नाही. मग एके दिवशी सकाळच्या पाळीत बॉर्डर चालू असताना तार तुटली. अण्णांनी डाव्या हातानं बटन दाबलं. बॉर्डरला माग तसाही हळू होतो, त्याचा आवाज उतरतो. थांबतोय असंच त्यांना वाटलं असणार. आजूबाजूला बाकीचे माग धडधडत होते. उजवा हात आत गेला आणि फणी आली. फणी म्हणजे तारा ठोकून बसवणारी लोखंडी दात्यांची पट्टी. ती पूर्ण जोरानं आली.

मी तिथं नव्हते. मला फोन आला. लोक धावत पोचले तोवर पट्टा संपून माग थांबलेला होता, आणि तिथंच सगळ्यांनी ठरवलं की हात सापडल्यावर, ओरडता ओरडता अण्णांनी बटन दाबलं. आधी दाबलं असतं तर हात सापडलाच कसा असता? बिनतोड. दवाखान्यात अण्णा एकच वाक्य घोकत होते. "दाबलो की मी. आधी दाबलो." भेटायला येणारे मान हलवायचे आणि त्यांच्या पायावर हात ठेवायचे.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात बोर्ड जोडला, बॉर्डरची नक्षी लावली आणि बटन दाबलं. मोटर फिरत राहिली. पट्टा संपला, मग थांबली. फ्लॅग खाली आणले — जागच्या जागी थांबली. वर नेले — फिरत राहिली. खाली. वर. असं किती वेळा केलं ते सांगता येत नाही. दर वेळी वाटायचं, यावेळी थांबेल. भर मे महिना, पंखा गरम वारा फेकत होता. सर दारात आले, म्हणाले, काय सापडलं का काही? मी म्हणाले, सगळं नॉर्मल आहे सर.

का म्हणाले असेन? कारणं आहेत माझ्याकडे. चार वर्षं घासूनपुसून ठेवलेली आहेत, त्यातली काही ऐकायला फार बरी वाटतात. ती मी तुम्हाला देणार नाही. मला भीती वाटली, एवढंच. डब्याच्या मॅडमनी अण्णांची बोटं घालवली, असं लोक म्हणतील याची.

अण्णा ऐकेनात म्हणून कारखान्याच्या मालकांनी तो माग बंद ठेवला होता, आणि डब्याच्या झाकणावर कागद चिकटवून त्यावर सही केली होती. म्हणजे मला आत जाऊन काही बदलता येत नव्हतं. दहाव्या दिवशी सगळ्यांसमोर बटन तपासायचं ठरलं. मालक, आमचे सर, माग दुरुस्त करणारा जॉबर, पाळीतले विणकर. अण्णाही आले, पट्टीत गुंडाळलेला हात गळ्यात अडकवून, मुलगी पद्मा शेजारी. बटन कुणी दाबायचं? मी. माझ्याशिवाय कोण? मशीन मला कळतं ना.

आता हे ऐका. डब्याच्या लहानशा पडद्यावर आकडे पळतात, साधा भाग किती उरला, बॉर्डर कधी येणार. ते आकडे वाचता येणारी तिथं मी एकटी होते. साधा भाग चालू असताना मी बटन दाबलं, माग थांबला. चालू केला, दाबलं, थांबला. असं सहा वेळा. मग आकडे उतरत आले, बॉर्डर लागली — आणि मी बटनावरचा हात काढला, लोकांकडे वळले आणि समजावून सांगायला लागले. मोठ्यानं, मागाच्या आवाजावर आवाज चढवून. बटनापासून डब्यापर्यंत वायर कशी जाते, डबा क्षणाक्षणाला कसा बघत असतो, किती सुरक्षित आहे. मी बोलत होते आणि माझ्या पाठीमागे बॉर्डर विणली जात होती. माझा दुसरा हात मागाच्या चौकटीवर होता. बॉर्डर संपली हे त्या हाताला कळलं. मग मी वळून पुन्हा बटन दाबलं. सगळं मिळून दहा वेळा दाबलं, दहाही वेळा माग थांबला.

मालक म्हणाले, बटनात दोष नाही, विषय संपला. अण्णांना कुणी वावगं बोललं नाही, उलट सगळे फार समजुतीनं वागले. जॉबर म्हणाला, वय झालं अण्णा, होतंय असं. अण्णा त्या थांबलेल्या मागाकडे बघत होते. जन्मभर ज्याच्यापाशी उभे राहिले त्या मागाकडे ते अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघत होते.

हे असेल ते, असं तुम्हाला वाटेल. मलाही पुष्कळ दिवस वाटत होतं की हेच. पण नाही. अजून एक आहे, आणि ते सांगायचं म्हणून तर इतका वळसा घातला.

लोक पांगले. पद्मा रिक्षा बघायला गेली. अण्णा अंगणातल्या नळाशी उभे राहून डाव्या हातानं तोंडावर पाणी घ्यायचा प्रयत्न करत होते, पाणी शर्टावरच सांडत होतं. मी जवळ गेले. का गेले, कोण जाणे. बरं दिसावं म्हणून असेल. त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता हो चेहऱ्यावर, अजिबात नव्हता.

"ताई, मला पक्कं आठवतंय, बटन दाबलो मी. तुमी शिकलेलं माणूस. दाबलो असं वाटतंय आन दाबलेलंच नसतंय — असं होतंय का माणसाला?"

काय विचारलं बघा त्यांनी. मशीनवर शंका घेतली नाही. माझ्यावर तर नाहीच. शंका घेतली ती स्वतःच्या हातावर, आणि निवाडा करायला माझ्याकडे आले. आमच्या दोघांशिवाय तिथं कुणी नव्हतं. मालक नव्हते, सर नव्हते, कुठला कागद नव्हता. 'नाही' एवढं म्हणायचं होतं. नाही अण्णा, असं होत नाही, तुम्ही दाबलं होतं. बाकी जगाला नसतं सांगितलं तरी चाललं असतं, त्या एका माणसाला सांगता आलं असतं.

"होतं, अण्णा," मी म्हणाले. "रोजच्या सवयीत होतं तसं."

पाणी वाहत राहिलं.

"मग मीच चुकलो असणार की," म्हणाले, आणि नळ बंद केला.

हे ते. बोटं माझ्या निष्काळजीपणानं गेली. पण स्वतःच्या हातानं काय केलं हे माणसाला ठाऊक असतं, एवढंच त्यांच्याकडे उरलं होतं, आणि ते मी समोर उभी राहून, शांत आवाजात, जाणूनबुजून काढून घेतलं. कसलं काळीज असतं हो माणसाचं? मी त्या दिवशी घरी येऊन व्यवस्थित जेवले.

आणखी पंधरा दिवसांनी मी प्रोग्रॅममध्ये तो एक शब्द घातला. 'नवीन नक्ष्यांसाठी सुधारणा' असं नाव दिलं आणि जिथं जिथं नवे डबे होते तिथं जाऊन तो बसवला. म्हणजे अपघातापासून जवळजवळ महिनाभर बाकीचे माग तसेच चालू होते, हे लक्षात आलं ना तुमच्या? बायका-माणसं त्यांत हात घालत होती. मी रोज सकाळी फोन वाजतो का बघत बसायची. घाई केली असती तर सरांनी विचारलं असतं, एवढी कसली घाई. दुसऱ्या कुणाचा हात गेला नाही, त्यात माझं काही नाही. तिन्ही खुणांचा तो तपासणीचा कागद मी फाडून टाकला.

अण्णांना मालकांनी काढलं नाही. टॉवेलच्या घड्या घालायच्या खोलीत बसवलं. तिथं मागांचा आवाज भिंतीपलीकडून येतो. दर दिवाळीला मी मिठाई घेऊन त्यांच्या घरी जाते. पद्मा म्हणते, मॅडम, बाकी सगळे विसरले, तुम्ही तेवढी माया ठेवलीत. ते पुढ्यात ठेवतात ते मी खाते, दुसरी वाटीही घेते.

आणि दर वर्षी मी एक गोष्ट बघते. पहिल्या दिवाळीला अण्णा म्हणाले, चुकलो असणार. दुसऱ्या दिवाळीला म्हणाले, चुकलो. मग बारकावे यायला लागले. पद्माच्या लग्नाचं डोक्यात होतं म्हणे, पाहुण्यांना काय निरोप द्यायचा याचा विचार चालला होता, त्या नादात बटन राहिलं. पद्माला त्या वेळी स्थळसुद्धा आलेलं नव्हतं. ते खोटं बोलत नाहीत. त्यांना ते तसंच दिसतं आता. डावा हात कुठं होता तेही सांगतात — कमरेवर होता म्हणे. मी समोर बसून ऐकते.

मागच्या महिन्यात त्या कारखान्यात आणखी माग आले. आमचेच डबे. नवीन माणसं घेतली होती, होटगीकडच्या काही बायका, मोडनिंबहून आलेले दोघे जण. मी डबे तपासायला गेले होते. मालकांनी तिथं एक पद्धत पाडली आहे, मला ठाऊक नव्हतं. नवीन माणूस मागावर जाण्याआधी अण्णांना घडीच्या खोलीतून बोलावतात. अण्णा आले, सगळ्यांच्या मध्ये उभे राहिले आणि उजवा हात वर करून सगळ्यांना दिसेल असा हळूहळू फिरवला.

"ह्ये बघा नीट," म्हणाले. "मशीनची चूक न्हवती. मशीन लई चांगलं हाय. माझं ध्यान न्हवतं. बटन न दाबता हात घातलो. तुमी तसं करू नका. आधी दाबा, मग घाला."

लोक गंभीर होऊन ऐकत होते. होटगीकडची एक बाई, पुढेच उभी होती, पदर खोचलेला, तिनं विचारलं, "आन दाबून बी न्हाय थांबलं तर ओ?"

चार वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मालकांनी नाही, सरांनी नाही, जॉबरनं नाही. पहिल्या दिवशी कामावर आलेल्या बाईनं विचारला.

अण्णा हसले. "असं होत न्हाय," म्हणाले. मग त्यांनी मला बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "ह्या ताई बघा, त्यांनीच केलेलं हाय ते. त्यांनाच विचारा की. सांगा ताई, होतंय का असं कधी?"

सगळे माझ्याकडे वळले. अण्णांचा हात अजून वरच होता.

"नाही," मी म्हणाले. "असं होत नाही."

अण्णांनी समाधानानं मान हलवली आणि हात खाली घेतला.